पेन्सिलीत लिहिलेला गोल

गेल्या महिन्यात ईराने मला मेलबर्नहून मोबाईलवर एक तक्ता पाठवला. आपल्या देशाच्या महिला फुटबॉल संघाची परदेशी संघांविरुद्धची आजवरची कामगिरी. डावीकडे देशांची नावं आणि पुढे चार रकाने: खेळले, जिंकले, बरोबरी, हरले. खाली तिने विचारलं होतं, "आज्जी, यातल्या कुठल्या मॅचेसना तू होतीस? आणि इतक्या का हरलात गं?"

त्याच आठवड्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीच्या आठवणी मागितल्या. म्हणून एकाच लेखात दोघांना उत्तर देते. तिच्या भावाला, निहारला, मराठी वाचायला वेळ लागतो. ईरा, त्याला तू वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

तुमची आजी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे, एवढं तुम्हाला माहीत आहे. फुटबॉलला मी आयुष्यात एकदाही पाय लावलेला नाही. झालं असं, की मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली तेव्हा खेळाचे नियम, परदेशी संघांची पत्रं, सगळं इंग्रजीत येई. मुलींबरोबर प्रवासाला एक बाई हवी, तिला पत्रं लिहिता यावीत आणि तिने पासपोर्ट हरवू नयेत, एवढीच अट होती. शाळेने रजा दिली, तुमच्या आजोबांनी तुमच्या आईला सांभाळलं आणि काही वर्षं मी देशाच्या संघाची व्यवस्थापक होते. हुद्दा मोठा वाटतो. काम म्हणजे याद्या करणं. कोणाला कुठलं औषध चालत नाही, कोणाची पाळी कधी, कोणाचे बूट फाटले, धुवायला टाकलेल्या जर्सी किती परत आल्या.

यातली सर्वांत महत्त्वाची यादी सामन्याआधी लिहायची. अकरा खेळाडू, खाली राखीव, प्रत्येकीपुढे जर्सीचा नंबर. कार्बन घालून तीन प्रती. एक रेफ्रीला, एक समोरच्या संघाला, एक आपल्याला. सामना संपला की रेफ्री त्याच कागदावर गोल कोणाचे ते लिहून सही करी. ईराने पाठवलेल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ अशा कागदांवर उभी आहे. जे त्या कागदावर नाही, ते झालेलंच नाही.

मी स्वतःची एक वहीही ठेवत असे. तिच्यात माझा एक नियम होता. कागदावर जे आहे ते शाईत लिहायचं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं पण कागदावर न आलेलं पेन्सिलीत. रेफ्रीने न दिलेली पेनल्टी पेन्सिलीत. आमच्या गोलकीपरचा ताप पेन्सिलीत. वही अजून माझ्याजवळ आहे.

आता इतक्या का हरलो ते सांगते. समोरच्या मुली वर्षभर सराव करून येत, आमच्या तीन आठवडे शिबिरात एकत्र येत. बूट मुलग्यांच्या मापाचे. पुढे कापूस कोंबून घालत. एका सामन्यात इतके गोल चढले, की हाफटाइमला आमची गोलकीपर माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, आकडा सांगू नका. मी मोजणं सोडलंय, तुम्ही पण सोडा." मला सोडता येत नव्हतं, ते माझं काम होतं. समोरच्या संघाच्या व्यवस्थापक बाई चांगल्या होत्या. सामना संपल्यावर त्यांनी आपल्या मुलींचे जुने बूट पिशवीत भरून मला दिले. मी आभार मानले आणि बसमध्ये ती पिशवी सीटखाली सरकवली. मुलींनी ती पाहिली होती. कोणी विचारलं नाही. पुढच्या सामन्याला मात्र पाचजणींच्या पायात ते बूट होते.

एकदा आम्ही जिंकलो. चांगल्या दोन गोलांनी. मुली बसमध्ये नाचल्या, ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून दम दिला. दोन महिन्यांनी पत्र आलं, की समोरचा संघ त्या देशाचा पूर्ण राष्ट्रीय संघ नव्हता, विद्यार्थिनींचा होता. सबब सामना नोंदीतून वगळण्यात येत आहे. ते पत्र प्रत्येक मुलीला मराठीत, हिंदीत समजावून लिहिणं माझ्याकडे आलं. एकीने उलट टपाली विचारलं, "मग आपण त्या दिवशी काय केलं?" याचं उत्तर मी दिलं नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की सामना वगळता येतो. खेळलेला, पाहिलेला, जिंकलेला सामना एका पत्राने नाहीसा करता येतो. पुढे जे मी वागले त्यात या भीतीचा वाटा होता. सगळा मात्र नव्हता.

ठकी मला नगरच्या जिल्हा क्रीडास्पर्धांत दिसली. अकोले तालुक्यातून, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून आश्रमशाळेच्या मुली आल्या होत्या. ही अनवाणी धावत होती आणि बाकीच्या तिच्या मागे होत्या. मी तिला चेंडू दिला. तिने तो डाव्या पायाने असा मारला, की आमच्या खेळाच्या मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. शिबिरासाठी तिच्या वडिलांची परवानगी मागायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. सोमा गभाले भाताच्या खाचरात उभे होते. पाय न काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला यातलं काय कळत न्हाई. तुमच्या शब्दावर पोर देतो, बाई."

शिबिरात ती सगळ्यांहून चांगली ठरली. पण यादी परदेशी पाठवायची तारीख आली तेव्हा तिच्या जन्मतारखेचा दाखला आला नव्हता. शाळेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे तारीखच नव्हती, नुसतं 'पावसाळ्यात' असं होतं. दाखला नाही म्हणून ठकी यादीत नाही. पाहुणा संघ आपल्याच देशात येणार होता, म्हणून तिला सरावापुरती ठेवून घेतली. ती पाणी आणे, चेंडू गोळा करे आणि सरावात सगळ्यांना चकवी.

यादीत आमच्या जिल्ह्यातली दुसरी मुलगी होती, ती माझी विद्यार्थिनी. तिला इथे रेहाना म्हणते. हे तिचं खरं नाव नाही, तिच्या मुलांना त्रास नको. ती उजव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने खेळे, सात नंबर. स्वभावाने गरीब, खेळाने नेटकी, आणि चेंडू कायम उजव्या पायाने मारणारी.

सामन्याच्या दिवशी सकाळी तीन मुली पोट बिघडून झोपून होत्या आणि रेहानाचा घोटा सरावात मुरगळून सुजला होता. राखीव धरूनही पायावर उभ्या राहू शकतील अशा दहाच उरल्या. आमच्या संघटनेचे सचिव मैदानाबाहेर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ती डोंगरातली मुलगी सात नंबर घालेल. तुम्ही यादीत रेहानाच लिहा. ओळखपत्रांवरचे फोटो तिकिटाएवढे आहेत, कोण बघतंय?" मी म्हटलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "दहा घेऊन खेळणं बरोबर आहे का?"

मी लिहिलं. सात नंबर, रेहाना. अक्षर नेहमीसारखंच आलं. ठकीला जर्सी देताना मी तिला समजावलं, की आज तू रेहाना आहेस, कोणी हाक मारली तर ओ द्यायची. तिने मान हलवली. तिला वाटलं, सगळे असंच करतात.

ज्या संघाने आम्हाला त्याआधी आणि त्यानंतर दरवेळी हरवलं, तो हा संघ. आम्ही एका गोलाने मागे होतो. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना ठकीने उजव्या कडेने चेंडू नेला. त्यांची बचावपटू तिला रेषेकडे ढकलत राहिली, कारण उजवीकडून येणारी मुलगी उजव्या पायानेच मारणार असं तिने धरलं होतं. ठकी एकदम आत वळली आणि डाव्या पायाने मारला. गोलकीपर उलट्या बाजूला गेली होती. मैदानावर सगळ्या मुली "रेहाना, रेहाना" ओरडत तिच्या अंगावर पडल्या. त्यांना तसंच सांगितलेलं होतं. खरी रेहाना माझ्याशेजारी बाकावर पाय वर घेऊन बसली होती, ती टाळ्या वाजवत होती आणि रडत होती.

सामना बरोबरीत सुटला. रेफ्रीने कागदावर लिहिलं, गोल: सात नंबर, रेहाना. मी वहीत ते शाईत उतरवलं आणि त्यापुढे पेन्सिलीत बारीक 'ठ' काढला.

ईरा, तुझ्या तक्त्यात एका देशापुढे हरल्याचा आकडा मोठा आहे आणि बरोबरीच्या रकान्यात १ आहे. तो एक म्हणजे हा सामना. अशा ओळी तिथे एकाहून जास्त आहेत, शोधत बसू नकोस. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

दोन वर्षांनी रेहानाला खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. अर्जाला त्या सामन्याचा कागद जोडला होता. त्याआधी ती माझ्या घरी आली होती. म्हणाली, "बाई, यात माझा गोल लिहिलाय. तो माझा नाही." मी तिला म्हटलं, "कागदावर तुझा आहे. तू देशासाठी बाकीचे सामने खेळलीच आहेस ना?" ती गेली. मी तिचं भलं केलं असं मला वाटलं.

मग ठकीचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. तिच्या आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहावर मदतनीस घ्यायची होती. देशाकडून खेळलेली असेल तर तिचा विचार आधी होईल, असं मुख्याध्यापक म्हणत होते. तरी बाईंनी एवढं लिहून द्यावं, की मी खेळले आणि गोल केला.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. इंग्रजीत, शाळेच्या कागदावर, टाइप करून. तीन ओळी. सदर मुलगी शिबिरात सरावासाठी होती. तिची संघात निवड झालेली नव्हती. ती कोणत्याही आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळल्याची नोंद नाही. वाचणाऱ्यांनो, त्या पत्रात एकही चूक नव्हती. मी पुन्हा वाचून पाहिलं होतं. रेहानाची नोकरी जाईल, सामना वगळतील, सचिव अडचणीत येतील, ही सगळी कारणं मी स्वतःला दिली. त्यांच्या खाली आणखी एक होतं. माझी वही स्वच्छ होती आणि ती तशीच राहावी असं मला वाटत होतं.

ते पत्र पुढे काय करून आलं, हे मला कितीतरी वर्षांनी, त्या बाजूच्या एका शिक्षिकेकडून कळलं. मुख्याध्यापकांनी ते शाळेच्या पटांगणात, गावच्या लोकांसमोर मराठी करून वाचलं. ठकी शिबिरातून परतल्यापासून सांगत होती, की मी इंडियाकडून गोल मारला. वर्तमानपत्रात नाव दुसरीचं, तरी लोक थोडंफार खरं धरून होते. पत्र वाचल्यावर सगळे हसले. नोकरी मिळाली नाहीच. त्या दिवसापासून तिचं गावातलं नाव 'इंडिया' पडलं. इंडिया पाण्याला चालली. इंडियाला पोरगी झाली. हे कळल्यावरही मी गेले नाही. वही कपाटात होती.

रेहाना मागच्या वर्षी गेली. आजारात तिने मला फोन केला होता. तब्येतीचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, ठकीला तुम्ही भेटलात का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी पण नाही. मला तोंड नव्हतं."

त्यानंतर ईराचा तक्ता आला आणि मी तो तयार करणाऱ्यांपैकी पुण्याच्या एका मुलीला, तनयाला, फोन केला. कोणता सामना ते न सांगता विचारलं, की यादीत नसलेली मुलगी खेळली होती असं आता कोणी लिहून दिलं तर काय होईल? ती अदबीने म्हणाली, "आजी, मला ते वर पाठवावं लागेल. एक तर सामना वगळतील, नाहीतर हरला असं धरतील. गोल त्या मुलीच्या नावावर लागणार नाही. ती यादीतच नव्हती ना."

मग श्रावणात भाड्याची गाडी करून गेले. राजूरच्या पुढे रस्ता चांगला झाला आहे. भातलावणी उरकली होती. ठकी ओट्यावर नाचणी निवडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला पाहून उठली नाही. डावा गुडघा कामातून गेला आहे.

"बाई व्हय? बसा," म्हणाली. मी बसले आणि सगळं सांगितलं. यादी, रेहाना, पत्र, तनया. ती नाचणी निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमचं पत्र लई लगीच आलं हुतं, बाई. इकडं टपाल म्हयना म्हयना येत न्हाई. तुमचं आठ दिसांत आलं."

मग नाचणीतला एक खडा ओट्याखाली टाकून तिने विचारलं, "आता लिवलं तर त्यो खेळच जाईल व्हय?"

"जाईल."

"मंग त्या दुसऱ्या पोरी हुत्या, त्यांचं बी जाईल."

"हो. सगळ्यांचंच."

"तर मंग नका लिवू. पन इथं सांगा. ह्यांना सांगा."

दारात गाडी पाहून सात-आठ माणसं जमली होतीच. त्यांत किसन नावाचे एक म्हातारे होते, आश्रमशाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "काय इंडिया, पावनं कोन?"

मी उभी राहिले. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, ठकूबाई देशाच्या संघातून खेळल्या आणि तो गोल त्यांनीच मारला, मी समोर होते, नाव मी दुसरीचं लिहिलं.

किसनमामांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमी मोठ्या मनाच्या. म्हातारीचं मन राखाया एवढ्या लांब आल्या. पन तुमचंच पत्र हाय की शाळंत. मीच फायलीला लावलंय. त्यात तर न्हाई म्हनलंय."

मी म्हटलं, "ते मी खोटं लिहिलं होतं."

"मंग तवा खोटं, का आता?" त्यांनी विचारलं. वाईट हेतूने नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. मागे कोणीतरी हसलं. एक बाई मला म्हणाली, "चहा घ्या, आजी." लोक पांगले. मी वही बरोबर नेली होती. ती उघडून दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण शाईत तिच्यातही रेहानाच होती.

निघताना ठकी काठी टेकत गाडीपर्यंत आली. माझ्यावर रागावलेली दिसली नाही, आणि मला माफ केल्यासारखीही नाही. दार लावायच्या आधी तिने विचारलं, "बाई, कंच्या पायानं मारला हुता, हाय का ध्यानात?"

"डाव्या."

"रेहाना डाव्यानं मारीत न्हवती."

"कधीच नाही."

"व्हय," ती म्हणाली. "तेवढं लिवा कुटंतरी."

तक्त्यात पायासाठी रकाना नसतो. म्हणून इथे लिहिते आहे. देश, वर्ष, मैदान मी लिहिलेलं नाही, त्यामुळे बरोबरीच्या रकान्यातला १ शाबूत राहील. ठकीचं माहेरचं नाव मात्र मी पूर्ण आणि खरं लिहिते आहे. ते कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे त्यावरून कोणाला काही शोधताही येणार नाही. अंकाच्या दोन प्रती मी त्या गावी पाठवणार आहे, एक तिला आणि एक शाळेला. किसनमामांनी शाळेत सांगून ती त्या पत्राशेजारी फायलीला लावून घ्यावी, अशी चिठ्ठी जोडणार आहे. लावतील की नाही, सांगता येत नाही.

वहीतला तो 'ठ' आता पान उजेडात तिरकं धरलं तरच दिसतो. पण हे छापून आलं, की कागदावर आलं. माझ्या नियमाप्रमाणे मग ते शाईत लिहिता येईल. काय लिहायचं ते ठरवून ठेवलं आहे: सामना बरोबरीत. आपला गोल उजव्या बगलेवरून, डाव्या पायाने, ठकूबाई सोमा गभाले.